मोबाइल नंबर कोणाचा?

मैत्रिणींनो, मी प्रोग्रॅमर आहे. पुण्यात गेली १९ वर्षे हेच काम करते. शनिवारी संध्याकाळी एका सल्ला केंद्रावर मदतीला जाते. कितीतरी वर्षे माझी अशी समजूत होती की ही दोन जगे वेगळी आहेत. तिकडे यंत्रे, इकडे माणसे. तिकडे पगार, इकडे समाधान. ही समजूत एका फोनने मोडली. ती कशी मोडली हे सांगण्यासाठीच हा लेख.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर करत होतो. पेशंटला पुढच्या तपासणीची आठवण करून देणारा एसएमएस आपोआप जावा, एवढे छोटे काम माझ्याकडे होते. इंग्रजी मेसेज पुष्कळांना कळत नाहीत, म्हणून मी आग्रहाने ते मराठीत करून घेतले. पेशंटचे नाव, विभागाचे नाव, कोणत्या उपचारानंतरची तपासणी, तारीख, वेळ, सगळे स्वच्छ मराठीत. घरातल्या कोणालाही वाचता येईल असे. या गोष्टीचा मला अभिमान वाटत होता.

एका दुपारी त्या रुग्णालयातल्या समाजसेविकेचा फोन आला. एक बाई बहिणीला सोबत घेऊन गर्भपातासाठी आली होती. कायदेशीर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सगळे रीतसर. नाव नोंदवताना काउंटरवर मोबाइल नंबर विचारला. तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. ‘नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही’ असे सांगितल्यावर तिने पाठ असलेला एकच नंबर दिला, घरातला. तो सासऱ्यांकडे असे. दहा दिवसांनी माझा मराठी मेसेज त्या फोनवर गेला. पुढे काय झाले असेल ते तुम्हाला सांगायला नको. ती मारहाण होऊन माहेरी गेली आणि तपासणीला आलीच नाही. समाजसेविका मला दोष द्यायला फोन करत नव्हती. ‘हा मेसेज बंद कसा करायचा, एवढेच सांगा’ असे ती म्हणत होती.

त्या बाईचे नाव माझ्या समोरच्या टेबलमध्ये होते. मी ते उघडून पाहिले नाही. तेवढे तरी तिचे तिच्याकडे राहू दे असे वाटले.

‘ठरवल्याप्रमाणे चालते आहे’

आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचे एक तिकीट होते. मी तिकीट काढले. दोन दिवसांनी ते बंद होऊन परत आले. शेरा होता: सॉफ्टवेअर ठरवल्याप्रमाणे चालते आहे. खरेच होते ते. मेसेज वेळेवर गेला होता, दिलेल्या नंबरवर गेला होता, शुद्धलेखनही बरोबर होते. बैठकीत मी विषय काढला तेव्हा आमचे साहेब, तसे सज्जन गृहस्थ, म्हणाले, ‘असे अपवाद धरत बसलो तर काम कधी संपणार?’

आता कायदा काय सांगतो ते पाहा. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही कायदा मागत नाही. २०२१च्या दुरुस्तीने आणखी एक कलम घातले. अशा बाईचे नाव व तपशील अधिकार नसलेल्या माणसाला कळवणे हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे डॉक्टरांनी जे तोंडाने सांगितले असते तर गुन्हा झाला असता, ते आमच्या यंत्राने न मागता सांगून टाकले. आणि आमच्या वहीत ते ‘ठरवल्याप्रमाणे’ झाले.

मी स्वतःला विचारले, हे ठरवले कोणी? उत्तर लाजिरवाणे होते. मीच. ‘मोबाइल नंबर’ हा रकाना रिकामा सोडता येणार नाही, ही अट मी एका ओळीत लिहिली होती. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होते? माझ्यासारखीच बाई. पर्समध्ये स्वतःचा फोन, त्याला स्वतःचा पासवर्ड. जिच्या घरात एकच फोन आहे, तो रात्री नवऱ्याच्या उशाशी असतो आणि दिवसा सासऱ्याच्या खिशात, ती बाई मला दिसली नाही. शनिवारी केंद्रावर तिलाच भेटत होते, तरी सोमवारी दिसली नाही.

रकाना आखणारा हात

आपण म्हणतो, यंत्राला जात नाही, लिंग नाही. यंत्राला नसेल, पण फॉर्मला असते. फॉर्म म्हणजे समाजाचे चित्र. ‘कुटुंबप्रमुख’, ‘पतीचे/वडिलांचे नाव’, ‘घरचा संपर्क’ या शब्दांत बाईची जागा आधीच ठरलेली असते. कागदाच्या फॉर्मवर निदान एक सोय होती. रकान्यात रेघ मारता येत असे, बाजूला काहीतरी लिहिता येत असे आणि खिडकीपलीकडचा कारकून माणूस असेल तर समजून घेत असे. कॉम्प्युटरचा फॉर्म रेघ मारू देत नाही. लाल अक्षरात ‘ही माहिती आवश्यक आहे’ असे म्हणून तो अडून बसतो.

याचे ताजे उदाहरण आपल्या राज्यातले आहे. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये. या योजनेबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते बाजूला ठेवू. सप्टेंबर २०२५मध्ये लाभार्थी बायकांना ई-केवायसी करायला सांगितले. बाईच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचा क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपीही मागितला गेला. कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे, हे त्यामागचे कारण. पण टाकलेल्या बाईने ओटीपी कोणाकडे मागायचा? ज्याने घराबाहेर काढले त्याच्याकडे? विधवा, वडीलही हयात नसलेल्या बाईने काय करायचे? ओरड झाल्यावर अशा बायकांसाठी वेगळी वाट काढावी लागली. म्हणजे चूक दुरुस्त होऊ शकत होती. पण आधी हजारदा हेलपाटे बायकांनी मारले. फॉर्म आखताना एकदा जरी एखाद्या एकल बाईला समोर बसवून तो भरून घेतला असता, तर पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न निघाला असता.

उलट उदाहरणही सांगते, म्हणजे ‘असेच असते’ असे कोणी म्हणायला नको. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डासाठी घरातली १८ वर्षांवरील सर्वांत मोठी बाई हीच कुटुंबप्रमुख ठरवली. एका कलमाने रकाना उलटा झाला. त्याने घरातली सत्ता उलटली असे मी म्हणणार नाही. पण रकाना ही दगडावरची रेघ नव्हे, हे तर कळले.

घरची गोष्ट आणि बाईची गोष्ट

खाजगीपणाचा विषय काढला की आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्या थोड्या सावध होतात. त्यांचे बरोबर आहे. ‘ही आमची घरची खाजगी बाब आहे’ हे वाक्य त्यांनी शेकडो दारांत ऐकले आहे. दाराच्या आत बाई रक्तबंबाळ आणि दारात उभा राहून नवरा सांगतो, आमचे खाजगी आहे. पोलीसही तेच म्हणत. बाईचे जे ‘वैयक्तिक’ ते राजकीयच असते, ही घोषणा याच भिंतीवर डोके आपटून तयार झाली. मग आपण आता खाजगीपणाच्या बाजूने कशा बोलणार?

मला याचे उत्तर १९८३ साली सापडले. त्या एकाच वर्षात फौजदारी कायद्यात दोन बदल झाले. एकाने ४९८-अ कलम आले. सासरचा छळ हा गुन्हा ठरला, घराची कडी सरकारने बाहेरून उघडली. दुसऱ्याने २२८-अ कलम आले. बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापणे, जाहीर करणे हा गुन्हा ठरला. बाईभोवती कायद्याने पडदा धरला. मथुरा प्रकरणानंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, त्या काळातले हे बदल. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, कलमांचे आकडे बदलले, पण दोन्ही तरतुदी राहिल्या. वरवर पाहता या दोन गोष्टी विरुद्ध दिशेच्या वाटतात. एक उघडते, दुसरी झाकते. माझ्या मते दोन्हींचा अर्थ एकच आहे. खाजगीपणा हा घराचा नसतो, माणसाचा असतो. घराला खाजगीपणा दिला की तो घरातल्या बलवानाला मिळतो. माणसाला दिला तर बाईलाही मिळतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्या निकालात या स्त्रीवादी आक्षेपाचीही दखल आहे. खाजगीपणाच्या आडून पुरुषसत्ता आणि हिंसा झाकली जाऊ नये, असे तिथे म्हटले आहे. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियम आले आणि टप्प्याटप्प्याने अंमल करायचे ठरले. पण याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले कलम बदलून ‘वैयक्तिक माहिती’ नाकारणे अधिकाऱ्यांना सोपे केले. पुन्हा तेच. घरात बलवानाचा खाजगीपणा, कचेरीत साहेबाचा खाजगीपणा. रोजगार हमीचे मस्टर किंवा अंगणवाडीचा खर्च मागायला गेलेल्या बाईला आता ‘ते वैयक्तिक आहे’ असे ऐकावे लागू शकते. कोणाचा पडदा आणि कोणासमोर, हा प्रश्न दर वेळी विचारायलाच हवा.

काळजी की पाळत?

माझ्या कचेरीतल्या एका तरुण मुलीचे लग्न ठरले. होणाऱ्या नवऱ्याने सांगितले, तुझे लोकेशन चालू ठेव, रात्री उशीर होतो, काळजी वाटते. तिला ते गोड वाटले. सहा महिन्यांनी ती कँटीनमधून जागची हलली की फोन येऊ लागला. ‘दहा मिनिटे कुठे होतीस?’ काळजी कधी संपली आणि पहारा कधी सुरू झाला, हे तिला सांगता येईना. केंद्रावर आता येणाऱ्या तक्रारींत हे वरचेवर दिसते. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या यंत्रावर जोडून ठेवलेले, जीमेलचा पासवर्ड नवऱ्याकडे, फोन ‘सगळ्यांचा’ म्हणून कुलूप लावायला बंदी. पूर्वी बाईची पत्रे फोडली जात. आता पाकीट फाटत नाही, म्हणून फोडलेले कळतही नाही.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. घटस्फोटाच्या खटल्यात एका नवऱ्याने बायकोचे फोनवरचे बोलणे तिच्या नकळत रेकॉर्ड करून पुरावा म्हणून आणले होते. उच्च न्यायालयाने ते नाकारले होते, सर्वोच्च न्यायालयाने चालेल म्हटले. नवरा-बायको एकमेकांवर नजर ठेवू लागले असतील तर ते लग्न मोडल्याचीच खूण आहे, असा त्यामागचा एक विचार. मला हा निकाल वाचून भीती वाटली. फोन कोणाच्या पैशाचा, कोणाच्या नावावर, कोणाला ते तंत्र कळते, हे पाहिले तर रेकॉर्ड कोण करणार आणि कोणाचे होणार हे उघड आहे. पण केंद्रावरच्या एका मैत्रिणीने मला थांबवले. ती म्हणाली, ‘अगं, शिव्या आणि धमक्या रेकॉर्ड करून ठेव असे आपणच बायकांना सांगतो ना? चार भिंतींतल्या माराला दुसरा साक्षीदार कुठला?’ तिचे म्हणणे खोटे नाही. यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. एवढेच वाटते की स्वतःवर होणाऱ्या हिंसेचा पुरावा जपणे आणि वर्षानुवर्षे माणसावर पाळत ठेवणे यांत फरक करता येतो, आणि तो फरक कायद्याने स्पष्ट करावा अशी मागणी आपण केली पाहिजे.

दोघींवर एकच नजर

कामाच्या जागीही हेच चालू आहे. २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि आमचे काम घरी आले. तेव्हा काही कचेऱ्यांनी लॅपटॉपवर पाळत ठेवणारी प्रोग्रॅम बसवली. किती वेळ कळ दाबली, कधी माउस हलला नाही, मधूनच पडद्याचे चित्र. माझ्या एका मैत्रिणीच्या अहवालात दुपारी रोज २० मिनिटे ‘निष्क्रिय’ असे येई. ती त्या वेळात तान्ह्याला पाजत असे. रात्री अकरापर्यंत बसून ती कामाची भरपाई करत असे, ते कुठल्याच तक्त्यात दिसत नसे.

आम्हा पगारदार बायकांना वाटते हे आमचेच दुःख. अंगणवाडी सेविकेकडे पाहा. तिला शासन कर्मचारी मानत नाही, मानधन देते. पण मार्च २०२१पासून पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये बालकांची, गरोदर बायकांची रोजची नोंद तिने करायची. दिलेले मोबाइल तापत, अडकत, अ‍ॅपची भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते मोबाइल शासनाला परत केले. मला तो मोर्चा फार मोलाचा वाटतो. आमच्या चकचकीत कचेऱ्यांत ‘हे यंत्र आम्हाला चालत नाही’ असे एकत्र येऊन सांगण्याची हिंमत आम्ही कधी केली नाही. जुलै २०२५पासून घरी नेण्याच्या आहारासाठी गरोदर व स्तनदा मातांचा चेहरा कॅमेऱ्यासमोर पडताळण्याची अट आली. नेटवर्क नसले, चेहरा जुळला नाही, तर दारात आलेल्या बाईला तोंड कोणी द्यायचे? सेविकेनेच. अ‍ॅप लिहिणारी माझ्यासारखी वातानुकूलित खोलीत असते.

म्हणून सांगते, ही मागणी दोघींची एकच आहे. काम मोजायचे तर कामच मोजा, बाईला मोजू नका. आणि ज्या यंत्रावर बाईने राबायचे, ते आणण्यापूर्वी तिला विचारा.

ताईंची वही

आता त्या एसएमएसचे काय झाले ते सांगते. तिकीट बंद झाल्यावर मी केंद्रावर गेले आणि आमच्या वयाने सर्वांत मोठ्या ताईंपुढे सगळे ओकून टाकले. त्यांनी कपाटातून जुना केसपेपर काढला, सायक्लोस्टाइल केलेला. त्यात पत्त्याखाली एक ओळ होती: ‘पत्र पाठवावे का? कोणाच्या नावे?’ त्या म्हणाल्या, ‘आम्ही कधी संस्थेचा शिक्का असलेले पाकीट पाठवले नाही गं. साधे आंतरदेशीय पत्र, वर मैत्रिणीचे नाव, आत लिहायचे, हळदीकुंकवाला ये. तिला बरोबर कळायचे.’

मी १९ वर्षांत जे शिकले नाही ते त्या एका ओळीत होते. त्या बायकांनी आधी विचारले होते.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती लिहायला बसले. मोबाइल नंबरची सक्ती काढली. एक प्रश्न घातला: ‘तुम्हाला आठवण कशी करून द्यावी?’ नको, स्वतःच्या फोनवर, किंवा सोबतिणीच्या फोनवर. मेसेजमधून उपचाराचे आणि विभागाचे नाव काढून फक्त तारीख ठेवली. सगळे मिळून चार दिवसांचे काम. साहेबांना मी २०२१च्या कलमाचा कागद दाखवला. बाईच्या दुःखाने जे तिकीट उघडले नव्हते ते कैदेच्या भीतीने उघडले. मला त्याचे वाईट वाटले, पण कागद हाताशी ठेवावा हेही समजले.

ती बाई मात्र त्या चार दिवसांच्या आधीची होती. हे मी विसरू शकत नाही, आणि विसरू नये.

शेवटी थोडे आपल्याविषयी. आपल्या केंद्रांतही आता वह्या गेल्या आणि मोबाइल आले. बाईचा अर्ज, तिच्या अंगावरच्या वळांचे फोटो आपण कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. ‘मदत लवकर मिळावी’ हा हेतू चांगलाच. पण त्या ग्रुपमध्ये किती जणी आहेत, त्यांचे फोन घरात कोण कोण हाताळते, वर्षापूर्वी सोडून गेलेली कार्यकर्ती अजून त्यात आहे का, हे आपण पाहतो का? कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते आपल्याला नेमके माहीत असते. ऑनलाइन तक्त्याचा पासवर्ड किती जणींना माहीत आहे, ते माहीत असते का? अनुदान देणाऱ्या संस्थेला अहवाल पाठवताना बाईचे गाव, वय, जात, मुलांची संख्या सगळे लिहितो. छोट्या गावात एवढ्यावरून नावाची गरज उरत नाही.

माझी एक विनंती आहे. पुढच्या मासिक बैठकीला आपापल्या केंद्राचा फॉर्म घेऊन बसा. एकेका रकान्यावर बोट ठेवून तीन प्रश्न विचारा. ही माहिती आपल्याला खरोखर लागते का? ती कोणाकोणाला दिसते? आणि बाईने ‘हे मला सांगायचे नाही’ म्हटले तर आपले काम अडते का? जो रकाना या तीन प्रश्नांत टिकणार नाही तो खोडा. आणि एक रकाना नवा घाला, ताईंचा. फोन करावा का, कोणत्या वेळी, आणि उचलणाऱ्याला आम्ही कोण आहोत असे सांगावे.

कॉम्प्युटर येत नाही म्हणून संकोच करू नका. हे काम करायला तो यावा लागत नाही. तुमच्यापैकी कोणाला फॉर्म बदलताना तांत्रिक अडचण आली तर कळवा, शनिवारी संध्याकाळी मी केंद्रावर असते.